होस्टेलमधले मोबाईल आणि उणे ०.८७ : सहसंबंधाचं एक पूर्ण प्रकरण

लातूरच्या ट्यूशन एरियातलं मुलींचं एक प्रायव्हेट होस्टेल, नीटची तयारी करणाऱ्या मुली, कुणी अहमदपूरची, कुणी कंधारची, कुणी परळीकडची. होस्टेल चालवणाऱ्या बाईंना सगळ्या मुली काकू म्हणतात. काकूंचं म्हणणं एकच, पोरी रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघायल्यात आणि टेस्टला मार्क पडेनात. पालकांचे फोन यायला लागले, मग काकूंनी ठरवूनच टाकलं की सगळे मोबाईल जमा करायचे आणि रविवारी तेवढा अर्धा तास द्यायचे. नेमकी त्याच वेळी मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी प्रोजेक्टसाठी तिथे आली, विषय होता स्मार्टफोनचा वापर आणि परीक्षेतली कामगिरी. काकू तिला म्हणाल्या, "तू अभ्यास करायलीस ना यावरच, मग आकड्यातच काढून दे की, मला पालकांना दाखवता येईल."

तिने काढले आकडे, आणि ते काकूंच्या बाजूचे निघाले, आणि तिथूनच खरी भानगड सुरू झाली.

आधीच सांगते, हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. होस्टेल, काकू, विद्यार्थिनी, मुली, कुणीही खरं नाही, आणि खाली जे दहा मुलींचे आकडे आहेत ते मीच बसवलेत, म्हणजे कुणालाही कागद पेन घेऊन करून बघता यावेत. पण प्रश्न रचलेला नाही. दरवर्षी आपल्याकडे प्रोजेक्टचे ढीग येतात, मोबाईल आणि मार्क, मोबाईल आणि चिंता, मोबाईल आणि झोप, आणि बहुतेकांचा शेवट एकच असतो की "आर (दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात ते सांगणारा सहसंबंध गुणांक) इतका आला, म्हणून मोबाईलमुळे असं होतं". तो "म्हणून" कुठून येतो हे नीट बघायचंय, म्हणून एकच प्रकरण सावकाश उलगडू.

आकडे काय होते

विद्यार्थिनीने मुलींच्या फोनमधलाच स्क्रीन टाइम बघितला, आठवड्याची सरासरी काढून रोजचे तास लिहिले. समोर त्याच महिन्यातल्या फुल सिलॅबस टेस्टचे मार्क, ७२० पैकी. दहा मुली अशा:

पहिली १ तास, ५४० मार्क. दुसरी २ तास, ५६०. तिसरी २ तास, ५००. चौथी ३ तास, ५४०. पाचवी २ तास, ५१०. सहावी ४ तास, ४००. सातवी ५ तास, ४३०. आठवी ५ तास, ३७०. नववी ६ तास, ४१०. दहावी ५ तास, ३९०.

आता पिअर्सनचा सहसंबंध गुणांक हातानेच काढू, कारण सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की आत काय झालं ते कळतच नाही. तासांची सरासरी ३.५, मार्कांची ४६५. प्रत्येक मुलीचे तास सरासरीपासून किती लांब आणि मार्क सरासरीपासून किती लांब ते काढायचं, दोन्हींचा गुणाकार करायचा, दहाही गुणाकारांची बेरीज करायची, ती येते उणे ९६५. उणे का, तर जिचे तास सरासरीपेक्षा जास्त तिचे मार्क सरासरीपेक्षा कमी, असं दहाच्या दहा जणींचं आहे. मग तासांच्या फरकांचे वर्ग करून बेरीज, २६.५, आणि मार्कांच्या फरकांचे वर्ग करून बेरीज, ४६,६५०. या दोन बेरजांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की साधारण १,११२. उणे ९६५ भागिले १,११२ म्हणजे उणे ०.८७.

गुणांक उणे १ ते अधिक १ च्या मध्येच राहतो, त्यामुळे उणे ०.८७ हा चांगलाच मोठा आकडा झाला. मानसशास्त्रात माणसांवर काम करताना ०.३ आला तरी लोक खूश होतात. वर्ग केला तर ०.७५, म्हणजे या दहा जणींच्या मार्कांत जो फरक आहे त्यातला ७५ टक्के फरक नुसत्या तासांवरून मांडता येतो. आणि सरळ रेषा बसवली तर तिचा उतार उणे ३६.४, म्हणजे एक तास वाढला की ३६ मार्क कमी. विद्यार्थिनीने हे वाक्य असंच लिहिलं होतं आणि काकूंना ते इतकं आवडलं की त्या म्हणाल्या हे मोठ्या अक्षरात प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावू.

त्या ३६ मार्कांचंच वाक्य सगळ्यात धोक्याचं आहे. गुणांक सांगतो की ज्या मुलीचे तास जास्त तिचे मार्क कमी असायची शक्यता जास्त, म्हणजे दोन वेगवेगळ्या मुलींमधला फरक. वाक्य मात्र सांगतं की एकाच मुलीचा मोबाईल एक तासाने कमी केला तर तिचे ३६ मार्क वाढतील. पहिल्यात कुणी कशात काही बदललेलं नाही, फक्त बघितलंय. दुसऱ्यात बदल केल्यावर काय होईल याचा दावा आहे. बघितलेल्यावरून बदललेल्याकडे ही जी उडी आहे ती आकडा मारत नाही, आपण मारतो.

मग ही पद्धत वापरायचीच कशाला

असं म्हटलं की काही विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातात, "मॅडम मग सहसंबंध म्हणजे काहीच सिद्ध होत नाही ना". तसंही नाही, आणि याबद्दल मला अगदी मनापासून बोलायचंय. मानसशास्त्रात कितीतरी गोष्टी अशा आहेत की तिथे प्रयोग करताच येत नाही. कुणाला बालपणी दुःख द्यायचं, कुणाला नाही द्यायचं, अशी चिठ्ठी काढता येते का? कुणाच्या बापाच्या शेतात दुष्काळ पाडायचा आणि कुणाच्या नाही असं ठरवता येतं का? मग जे जगात आपोआप वेगवेगळं घडलेलं आहे ते मोजायचं आणि काय कशासोबत चालतं ते बघायचं, हाच मार्ग उरतो.

फ्रान्सिस गाल्टनने १८८८ मध्ये माणसांच्या शरीराची मापं घेऊन ही कल्पना मांडली, कार्ल पिअर्सनने १८९६ च्या लेखात तिला आजचं गणिती रूप दिलं, आणि चार्ल्स स्पिअरमन, जो स्वतः मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९०४ मध्ये क्रमांकांवरून सहसंबंध काढायची पद्धत दिली आणि त्याच वर्षी वेगवेगळ्या विषयांतल्या मार्कांच्या सहसंबंधांवरून बुद्धिमत्तेचा सामान्य घटक मांडला. म्हणजे शाळेतले मार्क आणि सहसंबंध यांचं नातं या शास्त्राच्या सुरुवातीपासूनचं आहे. १९५७ मध्ये ली क्रॉनबॅकने तर स्पष्टच मांडलं की वैज्ञानिक मानसशास्त्राच्या दोन शाखा आहेत, एक प्रयोग करणारी आणि एक सहसंबंध बघणारी, आणि दोघींना एकमेकींची गरज आहे.

आणि सिगारेटचं उदाहरण कधीच विसरू नये. डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला, तो बघूनच काढलेला होता, कुणाला चिठ्ठी काढून सिगारेट ओढायला लावली नव्हती. रोनाल्ड फिशर, संख्याशास्त्रातला एवढा मोठा माणूस, तो म्हणत राहिला की कदाचित एखादी आनुवंशिक गोष्ट असेल जिच्यामुळे माणूस सिगारेटही ओढतो आणि त्याला कॅन्सरही होतो. शंका तर्काला धरून होती, पण निघाली चुकीची. वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या पद्धतीचे पुरावे जमत गेले, जास्त ओढणाऱ्यांना जास्त धोका, सोडणाऱ्यांचा धोका कमी होत जातो, असं सगळं एका दिशेने आलं. १९६५ मध्ये याच हिलने, म्हणजे ब्रॅडफर्ड हिलने, कारण ठरवताना कोणत्या नऊ बाजूंनी बघावं तेही लिहून ठेवलं. म्हणजे "तिसरंच काहीतरी असेल" एवढं म्हणून हात झटकायचे नसतात, ते तिसरं कोण याचं नाव सांगायचं आणि ते मोजून बघायचं. आपल्या होस्टेलमध्ये तेच केलं.

कागदावर ठिपके काढल्यावर

विद्यार्थिनीच्या गाइडने तिला पहिला प्रश्न विचारला की स्कॅटर प्लॉट, म्हणजे प्रत्येक मुलीचा एक ठिपका असलेला आलेख, काढला का. नव्हता काढला, सरळ गुणांक काढला होता. ही सवय फार जणांना आहे आणि ती मोडलीच पाहिजे. फ्रान्सिस अॅन्सकोमने १९७३ मध्ये चार छोटे डेटा सेट करून दाखवले होते, चारही ठिकाणी गुणांक ०.८१६ च, सरासऱ्याही सारख्याच, पण ठिपके काढले तर एकात सरळ रेषा, एकात वळणदार कमान, एकात रेषेबाहेर गेलेला एकच ठिपका, आणि एकात सगळे ठिपके उभ्या ओळीत आणि एकटाच लांब जाऊन बसलेला. आकडा एक आणि गोष्टी चार.

इथे आडव्या रेषेवर तास, उभ्या रेषेवर मार्क घेऊन दहा ठिपके काढले तर उताराची रेषा दिसतच नाही, दोन वेगळे घोळके दिसतात. एक वर डाव्या बाजूला, एक खाली उजव्या बाजूला, मधे मोकळी जागा. घोळके दिसले की विचारायचं, हे कोण लोक आहेत?

विद्यार्थिनी परत होस्टेलला गेली, यादी काढली, आणि पाच मिनिटांत उत्तर मिळालं, काकूंना तर ते पाठच होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. वरच्या पाच मुली रिपीटर, म्हणजे बारावी झालेल्या, एकदा नीट देऊन परत बसलेल्या, सगळा सिलॅबस एकदा पूर्ण झालेला. खालच्या पाच फ्रेशर, यंदाच बारावीला, बोर्डाचाही अभ्यास सोबत, अजून अर्धे चॅप्टर झालेलेच नाहीत आणि टेस्ट मात्र फुल सिलॅबसची. रिपीटर मुलींचे मार्क जास्त असणारच. आणि त्यांचा मोबाईल कमी का? तर त्या घरून ठरवूनच आलेल्या, या वर्षी नाही तर नाही, काहींनी तर सोशल मीडियाची अॅप काढूनच टाकलेली. फ्रेशर मुलींना बोर्डाच्या नोट्स व्हॉट्सअॅपवर, चुकलेलं लेक्चर मोबाईलवर, आणि पहिल्यांदाच घर सोडलेलं म्हणून आईला दिवसातून तीनदा फोन.

आता गट वेगळे करून गुणांक काढू. रिपीटर पाच जणी, तासांची सरासरी २, मार्कांची ५३०. गुणाकारांची बेरीज? १ तासवालीला ५४० आणि ३ तासवालीलाही ५४०, एकीचं उणे १० आणि दुसरीचं अधिक १०, बाकी तिघी बरोबर सरासरी तासांवर, बेरीज शून्य. गुणांक शून्य. फ्रेशर पाच जणी, सरासरी ५ तास आणि ४०० मार्क, गुणाकारांची बेरीज अधिक १०, गुणांक अधिक ०.१६. उणे ०.८७ कुठे गेला? तो दोन गटांच्या मधल्या अंतरात होता, गटांच्या आत नव्हताच.

हेच आंशिक सहसंबंधाने, म्हणजे तिसरी गोष्ट स्थिर धरून काढलेल्या सहसंबंधाने, एका झटक्यात दिसतं. रिपीटरला १ आणि फ्रेशरला ० असा आकडा द्या. गट आणि तास यांचा गुणांक उणे ०.९२, गट आणि मार्क यांचा अधिक ०.९५. या दोघांचा गुणाकार केला तर साधारण उणे ०.८८ येतो, म्हणजे तास आणि मार्क यांच्यात स्वतःचं काहीही नसतं तरी केवळ गटामुळे एवढा सहसंबंध दिसलाच असता. गट स्थिर धरून आंशिक गुणांक काढला तर तो अधिक ०.०८.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो घ्यायलाच हवा. गटाच्या आत तास १ ते ३ किंवा ४ ते ६ एवढेच बदलतात, आणि पल्ला असा आवळला की गुणांक आपोआप लहान होतो, मग शून्य आला यात नवल काय? बरोबर आहे, पल्ला आवळल्यावर गुणांक घसरतो, हे निवड परीक्षांच्या अभ्यासात सारखं भेटतं. पण तासांचा पल्ला आवळला म्हणून रेषेचा उतार असा नाहीसा होत नाही. एका तासाला ३६ मार्क हे खरंच मोबाईलमुळे असतं तर १ तासवाल्या आणि ३ तासवाल्या रिपीटरमध्ये ७०-७२ मार्कांच्या आसपास फरक दिसायला हवा होता. दोघींना ५४०. ४ तासवाल्या आणि ६ तासवाल्या फ्रेशरमध्येही तेवढाच फरक हवा होता, तिथे तर ६ तासवालीला १० मार्क जास्तच आहेत.

पण "मोबाईलने काही होत नाही" असंही नाही

गट वेगळे केल्यावर विद्यार्थिनी एवढी हरखली की तिने निष्कर्षच उलटा लिहिला, मोबाईलचा मार्कांवर परिणाम नाही. गाइडने तोही खोडला, आणि मला वाटतं प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती हीच.

पाच मुली म्हणजे किती कमी ते बघा. पाच जणींत गुणांक शून्य आला तर ९५ टक्के विश्वास पातळीने खरा गुणांक उणे ०.८८ पासून अधिक ०.८८ पर्यंत कुठेही असू शकतो, म्हणजे आपल्याला काहीच कळलेलं नाही. दहा जणींचा आंशिक गुणांक अधिक ०.०८, त्याचाही पल्ला उणे ०.६२ ते अधिक ०.७०. आणि तो भारी वाटणारा उणे ०.८७? त्याचा पल्ला उणे ०.५३ ते उणे ०.९७. प्रोजेक्टमध्ये हा पल्ला लिहायची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाहीच, लोक गुणांकापुढे दोन तारे (**) टाकतात आणि सार्थ आहे म्हणून पुढे जातात. तारे इतकंच सांगतात की हा आकडा योगायोगाने येणं अवघड, संबंध किती मोठा आणि कशामुळे ते तारे सांगत नाहीत. दहा जणांत गुणांक ०.६३ च्या पुढे गेल्याशिवाय तारा मिळत नाही, आणि शंभर जणांत ०.२० लाच मिळून जातो. मग शंभर जणांत ०.२० आला तर तो फक्त ४ टक्के फरक सांगतो, हे कोण लिहिणार?

मोठ्या संख्येवर काय दिसतं याचं एक चांगलं उदाहरण आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये तीन मोठ्या सर्वेक्षणांतल्या ३,५५,३५८ किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. डिजिटल वापर आणि मुलांचं मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध उणे निघाला, पण अगदी लहान, स्वास्थ्यातल्या फरकाचा जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग त्यातून सांगता आला. तो अभ्यास मार्कांवर नाही, आणि आपल्या मुलींवर तर नाहीच, पण नोटीस बोर्डावर ३६ मार्क लिहायच्या आधी असे आकडे डोळ्यांसमोर असावेत.

तासांच्या आत काय होतं

यावर मी थोडी जास्त थांबणार आहे. "रोज ५ तास" हा आकडा लिहिला की तो एकच गोष्ट वाटतो, पण विद्यार्थिनीने फ्रेशर मुलींसोबत बसून अॅपनिहाय वेळ बघितला तेव्हा त्यात चार वेगळ्या गोष्टी निघाल्या, रेकॉर्डेड लेक्चर, डाउट सोडवायचे ग्रुप, घरचे व्हिडिओ कॉल, आणि रील्स. ४३० मार्कवाली आणि ३७० मार्कवाली दोघींचे ५ तास, पण पहिलीचे तीन तास लेक्चरचे आणि दुसरीचे तीन तास रात्री अकराच्या पुढचे. एकाच चलात, म्हणजे मोजायच्या एकाच गोष्टीत, इतकं वेगळं काही कोंबलं तर गुणांक कशाचा काढला हेच कळत नाही.

बरं झालं तिने मुलींना तोंडी विचारलं नाही, फोनमधून वेळ घेतली. पॅरी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून दाखवलं की लोक स्वतः सांगतात तो वापर आणि यंत्राने नोंदवलेला वापर यांच्यात सहसंबंध ०.३८ च्या आसपासच असतो. म्हणजे "तू रोज किती वेळ मोबाईल बघतेस" या प्रश्नावर उभे असलेले आपले अर्धे प्रोजेक्ट कशाचं मोजमाप करतायत हा प्रश्नच आहे. आणि होस्टेलमध्ये काकू दारात उभ्या असताना कुठली पोरगी पाच तास सांगेल?

मग दिशेचा प्रश्न. समजा मोठ्या गटावर, लेक्चर वगळून, रात्रीच्या तासांचा आणि मार्कांचा उणे संबंध खरोखर निघाला. तरी मोबाईलमुळे मार्क कमी की मार्क कमी पडले म्हणून मोबाईल? एका फ्रेशर मुलीने विद्यार्थिनीला सांगितलं, "ताई, टेस्टचा निकाल लागला की त्या दिवशी पुस्तक उघडूच वाटत नाही, मग रील्स बघत पडते." हे वाक्य कुठल्याही गुणांकात दिसणार नाही, पण दिशा उलटी असू शकते हे त्यातून कळतं. एकदाच मोजल्यावर हे सुटत नाही. जुलैमध्ये दोन्ही मोजायचं, ऑक्टोबरमध्ये परत दोन्ही मोजायचं, मग जुलैचा मोबाईल ऑक्टोबरचे मार्क जास्त सांगतो की जुलैचे मार्क ऑक्टोबरचा मोबाईल, ते बघायचं. त्यानेही कारण पक्कं होत नाही, पण एकदाच मोजण्यापेक्षा कितीतरी पुढे जातो आपण.

झोपेबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण इथे हुशार विद्यार्थीही अडकतात. विद्यार्थिनीला वाटलं जसा गट स्थिर धरला तशी झोपही स्थिर धरू, तिने पिट्सबर्गची झोपेची प्रश्नावलीही आणली होती, १९८९ ची, १९ प्रश्नांची, ० ते २१ गुण, गुण जास्त तितकी झोप खराब. पण गट आणि झोप यांच्या जागा वेगळ्या आहेत. रिपीटर की फ्रेशर हे मोबाईल हातात यायच्या आधीच ठरलेलं आहे, ते दोन्हींच्या मागे उभं आहे. झोप मात्र बहुतेक वेळा मधे येते, रात्रीचा मोबाईल, त्यामुळे झोप कमी, त्यामुळे सकाळच्या टेस्टमध्ये चुका, आणि नीटमध्ये चुकलेल्या उत्तराला एक मार्क कापला जातो. मधली कडीच स्थिर धरली तर मोबाईलचा जो परिणाम त्या वाटेने जातो तो आपणच पुसून टाकतो आणि मग म्हणतो परिणाम नाही. कोणतं चल स्थिर धरायचं हे सॉफ्टवेअर सांगत नाही, ते होस्टेलमधलं आयुष्य कसं चालतं हे माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही.

काकूंना काय सांगितलं

विद्यार्थिनी सगळं घेऊन काकूंकडे गेली तेव्हा काकू जरा नाराज झाल्या. "म्हणजे मी उगीच ओरडायली का पोरींवर? मला रोज दिसायलंय ना डोळ्यांनी." त्यांना दिसत होतं ते खोटं नव्हतं, जास्त मोबाईल बघणाऱ्या मुलींना कमी मार्क होते हे शंभर टक्के खरं. विद्यार्थिनीने त्यांना त्यांच्याच यादीवर दोन रंगांनी खुणा करून दाखवल्या, रिपीटर निळ्या, फ्रेशर लाल, आणि विचारलं, काकू या लाल मुलींमध्ये जास्त मोबाईलवाली कमी मार्कवाली दिसते का. काकूंनी बोट फिरवून बघितलं, आणि मग स्वतःच म्हणाल्या की फ्रेशर पोरींचा तर सिलॅबसच व्हायचाय की अजून.

पुढचं बोलणं सोपं झालं. नोटीस बोर्डावरचं वाक्य रद्द. सरसकट जमा करून रविवारी अर्धा तास हा नियमही मागे, कारण त्यात लेक्चर आणि घरचे फोनही बंद झाले असते, आणि पहिल्यांदा घर सोडलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा आईशी बोलायचा वेळ तोडण्याला या आकड्यांत काडीचाही आधार नव्हता. हे मला फार लागतं. चुकीच्या वाचलेल्या गुणांकाची किंमत प्रोजेक्ट करणारा देत नाही, ती त्या खोलीतली मुलगी देते.

पण काकूंचा रात्रीबद्दलचा संशय तपासण्यासारखा होता आणि इथे प्रयोग करता येतो, म्हणून तो ठरवला. एकच बदल, रात्री ११ ते सकाळी ५ मोबाईल काकूंच्या कपाटात, चार आठवडे. कोणत्या खोल्यांनी द्यायचा हे काकूंनी किंवा मुलींनी ठरवायचं नाही, खोल्यांच्या चिठ्ठ्या काढायच्या, रिपीटरच्या खोल्यांच्या वेगळ्या आणि फ्रेशरच्या वेगळ्या, म्हणजे दोन्ही बाजूला दोन्ही प्रकारच्या मुली येतील. मुलीमुलीची चिठ्ठी का नाही, तर एकाच खोलीत एकीचा मोबाईल कपाटात आणि दुसरीचा हातात असेल तर दोघी मिळून एकच मोबाईल बघतील. उरलेल्या खोल्यांना चार आठवड्यांनंतर हवं असेल तर तीच सोय. अठराच्या आतल्या मुलींसाठी पालकांची लेखी संमती आणि त्याशिवाय मुलीची स्वतःची संमती, आणि मधेच नको वाटलं तर मोबाईल परत, कारण विचारायचं नाही. इमर्जन्सीसाठी काकूंचा नंबर सगळ्या पालकांकडे.

दहा मुलींवर हे होणार नाही, म्हणून शेजारची आणखी काही होस्टेल सोबत घ्यायचं बोलणं चालू झालं. तोपर्यंत प्रोजेक्टमध्ये निष्कर्ष एवढाच लिहिला गेला: या दहा मुलींत मोबाईलचे तास आणि टेस्टचे मार्क यांच्यात तीव्र उणे सहसंबंध आहे, रिपीटर आणि फ्रेशर वेगळे केल्यावर तो दिसत नाही, आणि संख्या इतकी कमी आहे की गटांच्या आत संबंध आहे किंवा नाही यातलं काहीही सांगता येत नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांना हा निष्कर्ष कदाचित पुळचट वाटेल, मला तो खूप प्रामाणिक वाटतो आणि मी अशा प्रोजेक्टला जास्त मार्क देईन.

जुलैच्या नोंदीसाठी नवा तक्ता केलाय त्यात एकूण तासांचा रकानाच ठेवलेला नाही. लेक्चर आणि डाउट वेगळे, घरचे कॉल वेगळे, बाकीचा दिवसाचा वापर वेगळा, रात्री ११ नंतरचा वेगळा, आणि त्याआधी पहिल्याच रकान्यात रिपीटर की फ्रेशर. काकूंनी त्यात स्वतःहून एक रकाना वाढवायला सांगितला, मेसचा डबा रात्री किती वाजता आला, कारण डबा उशिरा आला की सगळ्याच पोरी उशिरा झोपतात असं त्यांचं निरीक्षण आहे. विद्यार्थिनीने तो घेतला.